मेजर पिटमन आणि नोव्ह्याची लढाई
हिंगोलीच्या लष्करी इतिहासात मेजर रॉबर्ट पिटमन या सेनाधिकाऱ्याचे नाव नोवा किल्ल्याच्या वेढ्याशी जोडलेले आहे. निजामाच्या चाकरीतील, पण ब्रिटिश अधिकाऱ्यांनी घडवलेल्या फौजेचे नेतृत्व त्याच्याकडे होते. मराठवाड्यातील हटकर सरदार नोवसाजी नाईक यांनी निजामाची सत्ता झुगारली, तेव्हा जानेवारी 1819मध्ये पिटमनने त्यांच्या नोव्ह्याच्या किल्ल्याला वेढा घातला. आतील अरब शिबंदीने चिवट झुंज दिली. ती या लढाईतील खरी लक्षणीय गोष्ट. महिनाअखेरीस किल्ला पडला, बहुतेक रक्षक मारले गेले. फौजेतील रसेल्स इन्फंट्रीच्या पलटणींना पुढे ‘नोवा’ हा युद्धसन्मान मिळाला. याच फौजेतून पुढे घडलेल्या हैदराबाद कंटिन्जंट या दलाची छावणी हिंगोलीत होती. हे दल 1903मध्ये भारतीय सैन्यात विलीन झाले.