स्वदेशी मालाची जादा किंमत

घरांत घ्यावयाची वस्तु देशी कारखान्याची असली तर महाग, आणि परदेशाहून आलेली असली तर स्वस्त, असें दिसून आल्यावर गिऱ्हाइकानें काय करावें, हा प्रश्न आज पंखे, मिक्सर, रेफ्रिजरेटर आणि वातानुकूल यंत्रें यांच्या संबंधानें पुष्कळ ठिकाणीं विचारला जातो. विचारणाऱ्यास तो नवा वाटतो. वास्तविक महाराष्ट्रांत त्याचा ऊहापोह दीडशें वर्षें चालला आहे. आणि त्या वादांत दोन्ही पक्षांकडून जें बोललें गेलें त्यापेक्षां प्रत्यक्ष जें घडलें तें अधिक बोधप्रद आहे. पुण्या-मुंबईच्या व्यासपीठांवर उभें राहून हा इतिहास पाहण्याची आपली रीत आहे. या लेखांत तो हिंगोली जिल्ह्यांतील, सेनगांव तालुक्याच्या साखरा या गांवाकडे तोंड करून पाहण्याचा विचार आहे. कारण जादा किंमत ठरविणारे शहरांत असतात, आणि ती देणारे बहुधा अशा गांवांत असतात.

पुण्यास १८७० सालीं सार्वजनिक सभेची स्थापना झाली. तिचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनीं १८७२ च्या जानेवारींत हातसुताची खादी वापरण्याचें व्रत घेतलें, आणि १८७७ च्या दिल्ली दरबारासहि ते त्याच वेषांत गेले. देशी वस्तूंचीं दुकानें काढण्याची खटपटहि त्यांनीं केली. काकांचा मार्ग व्रताचा होता, आणि उपवास करणारा जसा भुकेचा हिशेब मांडीत नाहीं, तसा व्रतस्थ मनुष्य किंमत विचारीत नाहीं. न्यायमूर्ति रानडे यांनीं मात्र हिशेब मांडला. १८९२ सालीं डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानांत, इंग्रज अर्थशास्त्रज्ञांचे सिद्धांत सर्व देशांस व सर्व काळांस सारखेच लागू पडतात या समजुतीवरच त्यांनीं आघात केला, आणि जर्मन पंडित फ्रेडरिक लिस्ट याच्या विचारांकडे लक्ष वेधलें. लिस्टचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, बाल्यावस्थेंतील धंदा प्रौढ धंद्याशीं उघड्या मैदानांत झुंजूं शकत नाहीं. त्याला कांहीं काळ जकातीचें कुंपण घालावें, आणि त्या काळांत महाग माल घेऊन लोकांनीं जी झीज सोसावी ती देशाच्या उत्पादनशक्तीच्या रूपानें त्यांस परत मिळते. खुल्या व्यापाराचा कैवारी जॉन स्टुअर्ट मिल यानेंहि अशा तात्पुरत्या संरक्षणास अपवाद म्हणून मान्यता दिली होती. यांतील ‘तात्पुरतें’ आणि ‘परत’ हे दोन शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावेत.

परंतु कुंपण घालण्याचा अधिकार हिंदी लोकांच्या हातीं नव्हता. १८९६ सालीं परदेशी कापडावर शेंकडा साडेतीन जकात ठेवतांना सरकारनें देशी गिरण्यांच्या कापडावरहि तितकाच कर बसविला, म्हणजे कुंपण उभारतांनाच तें मोडून टाकिलें. राज्य जकात बसवीत नसेल तर लोकांनीं ती आपणच आपणांवर बसवून घ्यावी, महाग पडली तरी देशी वस्तु घ्यावी, हा १९०५ च्या स्वदेशी चळवळीचा आर्थिक आशय होता. त्या वर्षीं ऑक्टोबरांत पुण्यास परदेशी कपड्यांची होळी झाली. होळीइतका ज्याचा बोलबाला झाला नाहीं, पण जें अधिक टिकाऊ ठरलें, असें कार्य अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडानें केलें. त्या फंडांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला.

अशा ऐच्छिक जकातींत दोन दोष असतात. सरकारी जकात सर्वांस सारखी द्यावी लागते. ही जकात केवळ ज्याला देशाभिमान आहे त्यानें द्यावयाची, आणि त्याचा शेजारी स्वस्त माल घेऊन मोकळा होतो. दुसरा दोष कारखानदाराकडे उत्पन्न होतो. गिऱ्हाईक व्रतानें बांधलेलें आहे असें एकदां कळलें, म्हणजे माल सुधारण्याची निकड राहत नाहीं. मुंबईस १८९७ पासून कुलपें तयार करणारे अर्देशीर गोदरेज हे स्वराज्याच्या फंडास मोठी देणगी देणारे देशभक्त होते. तरीहि स्वदेशीच्या नांवाखालीं हलका माल लोकांच्या गळ्यांत बांधणें त्यांस मान्य नव्हतें. कुलपाच्या व्यापाऱ्यास ही गोष्ट इतरांपूर्वीं उमजावी यांत नवल नाहीं. कुलूप देशी असून चोरानें फोडलें, तर धन्याचें समाधान देशाभिमानानें होत नाहीं.

हे दोन्ही दोष टाळून जादा किंमतीची परतफेड कशी करतां येते, याचें उत्तम उदाहरण म्हणजे प्रभाकर कंदील. विसाव्या शतकाच्या आरंभीं खेड्यापाड्यांत जो वादळी कंदील पोहोंचला तो अमेरिकेच्या डीट्झ कंपनीचा किंवा जर्मनीचा असे. पहिल्या महायुद्धांत जर्मन माल बंद झाला आणि हिंदी कांच-कारखानदारांस श्वास घेण्यास अवसर मिळाला. त्याच सुमारास, १९१६ सालीं, ओगले बंधूंनीं औंधच्या पंतप्रतिनिधींच्या साह्यानें कऱ्हाडजवळ कांचेचा कारखाना काढला. त्याभोंवतीं जी वस्ती झाली ती ओगलेवाडी. पुढील दशकांत त्यांनीं प्रभाकर कंदील बाजारांत आणला, आणि तो मराठी घरांत इतका रुळला कीं, पुष्कळांस कंदील म्हणजे प्रभाकरच ठाऊक होता.

येथें खर्चाचा हिशेब कसा मांडावा हें पाहण्यासारखें आहे. कंदिलाची किंमत एकदांच द्यावी लागते. घासलेट रोज लागतें आणि कांच वारंवार फुटते. ज्या कंदिलांत हवा नीट खेळत नाहीं त्याची कांच काजळते, ज्योत मोठी करावी लागते आणि तेल अधिक जळतें. दुकानांत चार आणे वांचविणारा मनुष्य घरीं वर्षभर ते चार आणे ज्योतींत जाळीत असतो. शिवाय फुटलेल्या कांचेऐवजीं त्याच मापाची दुसरी मिळाली नाहीं, तर उरलेला कंदील मोडीच्या भावाचा. कंदील करणाऱ्याची स्वतःची कांचेची भट्टी जवळच्या मुलुखांत असणें याचें महत्त्व हें असें आहे. देशी मालाचा खरा कैवार येथें आहे: करणारा जवळ असला म्हणजे जाब विचारतां येतो, सुटा भाग मिळतो, दुरुस्ती होते. पहिला कंदील देशाभिमानावर विकतां येतो. दुसरा विकावयाचा तर पहिल्यानें घरांत नीट जळलें पाहिजे.

सरकारचें धोरण मात्र त्या वेळीं या धंद्यास अनुकूल नव्हतें. जकात-मंडळानें कांचेच्या धंद्याची चौकशी केली. परंतु १९३५ सालीं हिंदुस्थान सरकारनें संरक्षण नाकारलें. कांचेस लागणारा सोडा ॲश परदेशाहून आणावा लागतो, तेव्हां हा धंदा पुरतेपणीं देशी नव्हे, असें कारण देण्यांत आलें. मिठापूर येथें टाटांचा रासायनिक कारखाना १९३९ सालीं स्थापन झाला. म्हणजे जो अभाव कायमचा मानून निकाल दिला गेला तो भरून काढण्याचा उद्योग चार वर्षांतच सुरू झाला. याच्या उलट प्रकार आगपेट्यांचा. १९२२ सालीं परदेशी आगपेट्यांवर भारी जकात बसली, तेव्हां स्वीडिश कंपनीनें थोड्याच काळांत अंबरनाथेस आपलाच कारखाना थाटला. वाळू आपली असूनहि सोड्यामुळें कांच परदेशी ठरली, आणि भांडवल परकी असूनहि जागेमुळें काडी देशी ठरली! वस्तूवर छापलेल्या नांवावरून तिचें कुळ कळत नाहीं, हा धडा तेव्हांपासूनचा आहे.

आतां साखऱ्याकडे वळूं. १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या राज्यांत परभणी जिल्ह्यांत होता. कंपनी सरकार आणि निजाम यांच्यामध्यें १८०२ सालीं झालेल्या व्यापारी तहापासून शेंकडा पांच जकातीचा दर तेथें रूढ झाला होता, आणि ती वसूल करणारें करोडगिरीचें खातें संस्थानच्या सरहद्दीवर नाके मांडून बसलेलें असे. कऱ्हाडचा कंदील इंग्रजी मुलुखांतून येणारा. त्यालाहि हें देणें चुकत नव्हतें. सेनगांवच्या उत्तरेस रिसोड-वाशीमचा वऱ्हाड, जो नांवानें निजामाचा पण कारभारानें इंग्रजांचा. तेथें निजामाची करोडगिरी नव्हती. तेव्हां एकच मराठी बोलणाऱ्या दोन शेजारी खेड्यांपैकीं एकांत जो कंदील स्वदेशी, तो दुसऱ्यांत करोडगिरीच्या दृष्टीनें आयात माल ठरे. पुण्याच्या सभांत ‘आपला देश’ हा शब्द जितका सुटसुटीत होता तितका तो या गांवांत नव्हता.

याहून गंभीर गोष्ट कापसाची. हिंगोली ही कापसाची मोठी पेठ. १९१२ सालीं पूर्णा-हिंगोली रेल्वे झाल्यावर तेथील गांठींस बंदराची वाट सोपी झाली. आंखूड धाग्याच्या हिंदी कापसाचें मोठें गिऱ्हाईक जपान होतें. १९३१ च्या अखेरीपासून येन घसरल्यामुळें जपानी कापड व इतर माल येथें अत्यंत स्वस्त येऊं लागला, आणि देशी गिरण्यांच्या रक्षणार्थ १९३३ सालीं ब्रिटिशेतर कापडावरील जकात शेंकडा पंचाहत्तरपर्यंत चढविण्यांत आली. जपानी गिरण्यांनीं उत्तरादाखल हिंदी कापूस घेणेंच बंद केलें. १९३४ च्या आरंभीं तडजोड झाली: जपाननें दहा लाख गांठी कापूस घ्यावा आणि त्याच्या बदल्यांत साडेबत्तीस कोटी वार कापड हिंदुस्थानांत आणावें, असें मूळ प्रमाण ठरलें. या व्यवहारांत मुंबईच्या गिरणीमालकास कुंपण मिळालें. आणि कापूस पिकविणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यास काय मिळालें? त्याचें कापड महागलें आणि त्याच्या कापसाचें गिऱ्हाईक रुसलें. विकतांना त्याला जगाचा भाव, आणि घेतांना संरक्षित भाव. स्वदेशीच्या जादा किंमतीचा विचार करणाऱ्यांनीं हा शेतकरी हिशेबांतून वगळूं नये.

स्वातंत्र्यानंतर कुंपणाची भिंत झाली. १९५१ च्या कायद्यानें कारखाना काढण्यास परवाना लागूं लागला, आयातीवर निर्बंध आले, आणि १९९१ पूर्वीं जकातीचे कमाल दर शेंकडा दीडशेंच्याहि वर गेले होते. या भिंतीच्या आड पुष्कळ चांगलें घडलें हें नाकारतां येणार नाहीं. गोदरेजांनीं १९५८ सालीं रेफ्रिजरेटर काढला. हैदराबादेस १९४२ सालीं निघालेल्या ऑलविन कारखान्याचे रेफ्रिजरेटरहि घरोघर गेले. येथील कारागीर यंत्रविद्या शिकले. परंतु लिस्टनें व मिलनें घातलेली अट सर्वजण विसरले. ‘तात्पुरतें’ संरक्षण चाळीस वर्षें टिकलें, आणि तेवढ्या अवधींत ‘परत’ मिळण्याचें नांव नव्हतें. पुण्याच्या स्कूटरसाठीं लोक वर्षानुवर्षें नांव नोंदवून वाट पाहत बसत. गिऱ्हाइकाला जावयास दुसरीकडे दारच नसेल, तर कारखानदाराला त्याच्याकडे पाहण्याचें कारण उरत नाहीं. भिंत उतरल्यावर ऑलविनचा रेफ्रिजरेटरचा धंदा व्होल्टासकडे गेला. ओगलेवाडीचा कारखानाहि बंद पडला; पण त्याची गोष्ट निराळी. कंदिलाला स्वस्त परदेशी कंदिलानें मारलें असें म्हणतां येत नाहीं. त्याला विजेनें निवृत्त केलें.

आज प्रश्नाचें रूप पालटलें आहे. कोरियन आणि चिनी कंपन्यांचे कारखाने पुणें जिल्ह्यांत रांजणगांवास आहेत, आणि देशी नांवाच्या वातानुकूल यंत्रांतील मुख्य भाग पुष्कळदां चीनमधून आलेला असतो. सरकारनें २०२० च्या ऑक्टोबरांत शीतक वायु भरलेल्या वातानुकूल यंत्रांची आयात बंद केली, आणि २०२१ सालीं तीं यंत्रें व दिवे येथेंच पूर्णपणें घडावेत म्हणून ६,२३८ कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. कुंपण पुन्हा उभें राहत आहे. तें वाईटच, असें म्हणण्यास इतिहासाचा आधार नाहीं. तें चांगलेंच, असें म्हणण्यासहि नाहीं.

मग साखऱ्याच्या गिऱ्हाइकानें महाग देशी यंत्र घ्यावें कीं नाहीं? आमच्या मतें कंदिलाचाच हिशेब येथें लावावा. प्रथम, यंत्राची किंमत नव्हे, तर तें चालविण्याचा वर्षांचा खर्च पाहावा. रेफ्रिजरेटरवरील विजेच्या बचतीचे तारे म्हणजे आजच्या घासलेटाचा हिशेब होय. जें यंत्र दहा वर्षें दिवसरात्र चालावयाचें, त्याच्या किंमतींतील दोन हजारांचा फरक विजेच्या बिलांत केव्हांच भरून निघतो किंवा बुडतो. दुसरें, यंत्र बिघडलें तर सेनगांव किंवा हिंगोलीस तें दुरुस्त करणारा व त्याचा भाग देणारा कोणी आहे काय, हें विचारावें. नसेल, तर देशी नांवाला जादा पैसे देण्याचें मुख्य कारणच उरत नाहीं. असेल, तर जादा किंमत ही किंमत नसून विमा आहे. तिसरें, नांवापेक्षां घडण कोठें झाली याची चौकशी करावी.

या तीन कसोट्यांस जें देशी यंत्र उतरतें तें महाग असलें तरी खुशाल घ्यावें, आणि तें घेण्यांत कोणावर उपकार केल्याची भावना ठेवूं नये. जें उतरत नाहीं, त्यासाठीं कापूस जगाच्या भावानें विकणाऱ्या मनुष्यापाशीं देशाच्या नांवानें जादा पैसे मागण्याचा अधिकार कोणास नाहीं. त्याच्याकडून घेतलेली जादा किंमत हें कारखानदारास दिलेलें कर्ज आहे. कर्ज देणें कित्येकदां शहाणपणाचें असतें, देशहिताचेंहि असतें. परंतु तें कधीं फेडावयाचें याची मुदत कर्ज देणाऱ्यास पहिल्याच दिवशीं सांगितली पाहिजे.