ठोका बाळाचा, कारण आईच्या रक्तात

मावळातले औंढे घ्या किंवा मुंबईतले परळ घ्या, बाई गरोदर असली की तिला धनुर्वाताची लस टोचतात. लस आईला, पण राखण होते बाळाचीही. लसीमुळे आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून गर्भात उतरतात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळाला पुरतात. आता असा विचार करा, आईच्या रक्तात एखादे घातक प्रतिपिंड असेल तर? वार त्यालाही अडवत नाही. ही साधी गोष्ट एका हृदयविकाराच्या बाबतीत ध्यानात यायला पाऊणशे वर्षे लागली. त्याचीच ही हकिकत.

पोटातल्या बाळाचे हृदय मिनिटाला साधारण ११० ते १६० वेळा धडधडते. क्वचित एखाद्या गर्भात हा आकडा ५०-६० पर्यंत उतरतो. असे का होते? ठोक्याचा विद्युत संदेश हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, निर्माण होतो. मधल्या एका छोट्याशा गाठीतून तो खालच्या निलयांकडे जातो. ही गाठ निकामी झाली की संदेश तिथेच अडतो आणि निलये आपल्याच संथ गतीने चालू लागतात. डॉक्टर याला जन्मजात ‘हार्ट ब्लॉक’ म्हणतात.

१९०१ साली उरुग्वे देशातील बालरोगतज्ज्ञ लुईस मोर्कियो यांनी एका कुटुंबाची नोंद केली. त्यातल्या अनेक भावंडांची नाडी फार मंद होती, त्यांना झटके येत, अचानक मृत्यूही येई. पुढे आइंटहोवेन यांचे हृदयालेखाचे यंत्र आले आणि १९०८ साली नेदरलँड्समध्ये अशा जन्मजात अडथळ्याचा आलेख निघाला. बिघाड कुठे आहे ते कळले, पण तो होतो कशाने, ते कळेना. सगळे बाळाचे हृदयच तपासत होते.

१९२८ साली ब्रिटनमध्ये एल्वर्ड या डॉक्टरांनी हार्ट ब्लॉक असलेल्या दोन भावंडांविषयी लिहिताना त्यांच्या आईचीही नोंद केली. तिच्या लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी सुजलेल्या होत्या. धागा हाती आला होता, पण तो ओढून पाहिला गेला नाही.

आईची प्रतिपिंडे बाळाला इजा करू शकतात, हे मात्र दुसऱ्या वाटेने सिद्ध झाले. आर-एच निगेटिव्ह आईची प्रतिपिंडे बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात, हे फिलिप लेव्हिन यांनी १९४१ च्या सुमारास दाखवले. आपल्याकडेही रक्तगटांच्या अभ्यासासाठी १९५७ साली मुंबईत केंद्र निघाले. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील आजची राष्ट्रीय संस्था त्यातूनच वाढली. तरीही हार्ट ब्लॉकच्या बाबतीत आईकडे लक्ष गेले नाही. कारण यातल्या कित्येक आया दिसायला अगदी ठणठणीत असत.

१९७७ साली अमेरिकेतील दोन गटांनी आयांची नीट चौकशी केली. बऱ्याच जणींना ल्युपस किंवा तशाच जातीचा आजार निघाला. या आजारांत शरीराची प्रतिपिंडे स्वतःच्याच पेशींवर उलटतात. १९८३ साली इंग्लंडमधील लीड्सचे जेम्स स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आयांच्या रक्तात ‘रो’ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे दाखवली. एका रुग्णाच्या नावातील आद्याक्षरांवरून या प्रथिनाला हे नाव पडले आहे.

ही प्रतिपिंडे बहुधा १८ ते २४ आठवड्यांच्या सुमारास गर्भाच्या हृदयातील त्या गाठीला इजा करतात. तिथे व्रण राहतो. जन्मानंतर काही महिन्यांत आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तातून नाहीशी होतात, व्रण मात्र तसाच राहतो. म्हणून अशा बहुतेक मुलांना पुढे पेसमेकर बसवावा लागतो.

भावंडांना एकच आजार का होतो, याचे एक उत्तरही इथे मिळाले. ‘रो’ प्रतिपिंडे असलेल्या शंभर आयांपैकी एक-दोघींच्याच बाळाला हार्ट ब्लॉक होतो. पण एका बाळाला झाला, तर पुढच्या खेपेला हा धोका शंभरात १६ ते १८ पर्यंत जातो. २०२० साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी अशाच आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीपासून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचे जुने औषध दिले. धोका साडेसात टक्क्यांच्या आसपास उतरला.

बाळात काही उणे निघाले की आपल्याकडे पहिला बोल आईलाच लागतो. ग्रहणात काही चिरले असेल, नको ते खाल्ले असेल, असे घरचेच म्हणतात. इथे कारण आईच्या रक्तात आहे हे खरे, पण त्यात तिची चूक काडीचीही नाही. उलट बाळाच्या मंद ठोक्यांमुळेच कित्येकींना स्वतःचा दडलेला आजार पहिल्यांदा कळतो. तेव्हा असा ठोका ऐकू आला, तर आईचे रक्तही तपासायला हवे, बाळासाठी आणि तिच्यासाठीही. वर्गात प्रतिपिंडे शिकवताना धनुर्वाताच्या लसीबरोबर ही दुसरी बाजूही जरूर सांगावी.