तळपदे आणि चौपाटीचे आकाश

मुंबईच्या चौपाटीवर १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे निर्मनुष्य विमान उडविले, ते पंधराशे फूट वर चढले आणि खाली आले, ही कथा आपण अनेकदा ऐकली असेल. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव महाराज प्रेक्षकांत होते, असेही सांगतात. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधीची ही गोष्ट महाराष्ट्राला प्रिय व्हावी, यात नवल ते काय!

परंतु इतिहास साक्ष मागतो. १९ ऑक्टोबर १९०१ रोजी पॅरिसमध्ये सांतोस-द्युमाँ या ब्राझीलच्या तरुणाने आपले सहाव्या क्रमांकाचे वायुयान आयफेल मनोऱ्याला वळसा घालून परत आणले. अट तीस मिनिटांची होती. सीमारेषा त्याने वेळेत ओलांडली, पण दोर धरून यान स्थिर होईतो तीस मिनिटे उलटून गेली, आणि तेवढ्यावरून पारितोषिक-समितीत कडाक्याचा वाद झाला. तिकडे काही क्षणांचा हिशेब. इकडे आपल्या उड्डाणाचा समकालीन वृत्तपत्रातील एकही निश्चित दाखला अभ्यासकांच्या हाती आलेला नाही. ‘केसरी’चे नाव घेतले जाते, अंकाची तारीख मात्र कोणी दाखवीत नाही.

मी राहतो ते कुवेंपुनगर म्हैसुरातले, आणि या कथेचा एक धागा म्हैसुराशीच येऊन मिळतो. जी. आर. जोशियर यांनी १९७३ मध्ये ‘वैमानिक शास्त्र’ इंग्रजी अनुवादासह येथूनच प्रसिद्ध केले. भरद्वाजांच्या नावावरील ही संहिता आनेकलच्या सुब्बराय शास्त्रींनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगून लिहविलेली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये ती कसोशीने तपासली. त्यांच्या मते तिची रचना १९०४ पूर्वीची नव्हे, आणि तीत वर्णिलेली विमाने उडण्याजोगी नाहीत. तळपदे यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाने प्रतिकृती केल्या, पण एकही उडाली नाही, असाही उल्लेख त्याच लेखात आहे. तो आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो.

यामुळे तळपदे उपहासास पात्र ठरतात, असे मला मुळीच वाटत नाही. कलाशाळेच्या वर्तुळातला, वेदवाङ्मयाने भारलेला हा पाठारे प्रभू गृहस्थ, जवळ ना कारखाना ना प्रयोगशाळा. त्या काळी विमानाचा ध्यास घेणे हेच धाडस होते. १९०७ साली त्यांनी ‘प्राचीन विमान कलेचा शोध’ हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. चौपाटीची कथा पुन्हा सांगण्यापूर्वी ते एकदा वाचावे.