कुत्र्यातील मायट्रल झडपेचा विकार

कुत्र्याच्या हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडप उतारवयात जाड, गाठाळ व ढिली होऊन रक्त उलटे झिरपू लागते, तो विकार. कुत्र्यांच्या एकूण हृदयविकारांत सुमारे तीन चतुर्थांश वाटा या एकट्याचा आहे. ‘आमच्या कुत्र्याला हार्टचा त्रास आहे’ असे कोणी म्हणाले, की बहुधा याच झडपेविषयी बोलणे चाललेले असते. माणसाला रोहिणीत गुठळी अडकून येतो तसा हार्ट अ‍ॅटॅक कुत्र्यांत फार विरळा. त्यामुळे कोलेस्टेरॉल, तूप आणि टेन्शन ही आपली नेहमीची संशयित मंडळी या खटल्यात निर्दोष सुटतात. दातांवरच्या किटणामुळे झडप बिघडते हा समजही बराच पसरलेला आहे; दात स्वच्छ ठेवावेतच, पण हा विकार त्यातून उद्भवत नाही.

स्वरूप : निरोगी हृदयात डाव्या अलिंदातून (वरच्या कप्प्यातून) रक्त निलयात (खालच्या कप्प्यात) उतरते आणि निलय आवळले जाताना मधली झडप घट्ट मिटते. या विकारात झडपेच्या पडद्यांच्या कडा गाठी येऊन गुंडाळल्या जातात, त्यांना ताणून धरणारे दोरे सैल पडतात आणि दर ठोक्याला थोडे रक्त मागे, अलिंदात परतते. हृदय हा तोटा वर्षानुवर्षे भरून काढते, पण त्यासाठी त्याला आकाराने वाढावे लागते. फुगलेले अलिंद वरून जाणाऱ्या डाव्या श्वासनलिकेला टेकले, की कोरडा, खाकरल्यासारखा खोकला सुरू होतो. घशात हाड अडकले असावे असे घरच्यांना वाटते. पुढे दाब फुप्फुसांपर्यंत पोहोचतो आणि तेथे पाणी साचते. कधी एखादा दोरा अचानक तुटतो आणि काल संध्याकाळी चेंडू खेळलेला कुत्रा पहाटे धापा टाकताना सापडतो. काही कुत्र्यांत उजवीकडची झडपही अशीच बिघडते. अशांचे पोट पाण्याने तुंबते.

कोणाला होतो : मुख्यतः लहान चणीच्या, मध्यम वयापुढच्या कुत्र्यांना, आणि माद्यांपेक्षा नरांना अधिक. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ही जात यासाठी कुप्रसिद्ध आहे. इतर जातींत म्हातारपणी येणारा हा विकार त्यांना ऐन तारुण्यात गाठू शकतो, कारण तो त्यांच्या वंशातच आहे. डेन्मार्कमध्ये या जातीच्या पैदाशीपूर्वी हृदयतपासणी सक्तीची केल्यावर पुढच्या पिढ्यांतील प्रमाण घटल्याचे दिसले. डॅक्सहुंड, शिह त्झू, चिवावा, पॉमेरेनियन यांच्यातही तो नेहमीचा. महाराष्ट्रातल्या वाड्यांत आणि फ्लॅटांत ‘पामेरियन’ म्हणून वाढलेली पांढरी, भुंकरी कुत्री बहुतांशी इंडियन स्पिट्झ असतात; चण लहान असल्याने वय झाल्यावर त्यांच्याही छातीला नळी लावून पाहणे शहाणपणाचे. डॉबरमन, ग्रेट डेन यांसारख्या मोठ्या जातींचे दुखणे निराळे: त्यांत झडपेऐवजी हृदयाचा स्नायूच दुबळा होतो. डासांमार्फत पसरणारा हृदयकृमी हा तिसरा प्रकार. भारतात तो विशेषतः ईशान्येकडे आढळतो. या दोहोंचा विचार येथे केलेला नाही.

निदान : बहुसंख्य वेळा हा विकार शोधायला कोणी गेलेले नसते. वार्षिक लसीसाठी कुत्रा टेबलावर चढवला जातो, डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात आणि नेहमीपेक्षा अंमळ जास्त वेळ तो तिथेच धरतात. मग म्हणतात, ‘मर्मर आहे.’ घरच्यांच्या दृष्टीने आजार त्या क्षणी सुरू होतो, प्रत्यक्षात तो काही वर्षांचा जुना असतो. ‘लब-डब’च्या मध्ये ऐकू येणारी ही फुसफुस म्हणजे उलट्या वाहणाऱ्या रक्ताचा आवाज. तिला १ ते ६ अशी प्रत देतात. १ म्हणजे शांत खोलीत, कान देऊन ऐकली तरच कळणारी, आणि ६ म्हणजे नळी छातीवरून किंचित उचलली तरी ऐकू येणारी. या विकारात आवाज मोठा असेल तर गळती बहुधा मोठी असते, पण केवळ प्रतीवरून हृदय किती वाढले हे सांगता येत नाही. ‘चारची मर्मर आहे’ एवढ्यावर रात्र जागून काढणाऱ्यांनी पुढच्या दोन तपासण्या होईपर्यंत धीर धरावा.

पहिली तपासणी छातीच्या एक्स-रेची. हृदयाची लांबी आणि रुंदी मोजून ती त्याच कुत्र्याच्या पाठीच्या मणक्यांवर, चौथ्या वक्षमणक्यापासून पुढे, मांडतात. किती मणके व्यापले, तो हृदयाचा आकडा. ही सुबक पद्धत बुकानन व ब्यूखेलर यांनी १९९५ मध्ये मांडली. त्यांच्या निरोगी कुत्र्यांची सरासरी ९.७ मणके होती. कुत्र्याच्या मापाचा गज कुत्र्याच्याच अंगात असल्याने चिवावा आणि लॅब्रेडॉर एकाच फूटपट्टीवर येतात, तरी जातीजातींत फरक राहतोच. दुसरी तपासणी टूडी इकोची. तिच्यात झडप प्रत्यक्ष हलताना दिसते आणि डाव्या अलिंदाची रुंदी शेजारच्या महारोहिणीच्या किती पट आहे ते काढता येते. इको करताना सहसा भूल लागत नाही. कुशीवर झोपवून, केस थोडे भादरून, घरच्याच माणसाने डोके धरले तरी काम होते. ईसीजीने ठोक्यांची लय कळते, झडपेविषयी मात्र तो फारसे बोलत नाही.

पायऱ्या : अमेरिकेतील पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्ये ठरवलेली व २०१९ मध्ये सुधारलेली वर्गवारी आता सर्वत्र वापरतात. ‘ए’ म्हणजे जातीमुळे धोका आहे, विकार नाही. ‘बी-१’ म्हणजे मर्मर आहे, पण हृदय वाढलेले नाही किंवा अगदी थोडे वाढले आहे. ‘बी-२’ म्हणजे हृदय ठरावीक मापापलीकडे वाढले आहे, कुत्रा मात्र मजेत आहे. ‘सी’ म्हणजे फुप्फुसांत किंवा पोटात पाणी एकदा तरी झाले, आणि ‘डी’ म्हणजे नेहमीच्या औषधांना ते दाद देईनासे झाले. निदानानंतर घरात जी अवकळा पसरते ती बहुधा ‘सी’ची असते, कुत्रा मात्र ‘बी-१’वर असतो. त्या पायरीवर औषध लागत नाही. अनेक कुत्री तेथेच उरलेले आयुष्य काढतात आणि वेगळ्याच कारणाने जातात.

‘बी-१’ आणि ‘बी-२’ यांच्यातला फरक २०१६ पासून फार मोलाचा ठरला आहे. त्या वर्षी ‘एपिक’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. हृदय वाढलेली पण लक्षणे नसलेली ३६० कुत्री तीत होती. निम्म्यांना पिमोबेंडान हे औषध दिले, निम्म्यांना त्याच्यासारखी दिसणारी पोकळ गोळी. फुप्फुसांत पाणी होण्यापर्यंतचा किंवा हृदयविकाराने मृत्यू येण्यापर्यंतचा मध्यक काळ औषध घेणाऱ्या गटात १,२२८ दिवस निघाला, दुसऱ्या गटात ७६६. सव्वा वर्षाचा हा फरक आहे, आणि तो धाप न लागता जगलेल्या काळातला आहे. म्हणून मर्मर कळल्यावर ‘अजून काही होत नाहीये ना, मग बघू’ म्हणत इको टाळणे ही या आजारातली सर्वांत महागडी काटकसर होय.

श्वास मोजणे : घरी करण्याजोग्या गोष्टींत हिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही आणि तिला पैसाही लागत नाही. कुत्रा गाढ झोपला, की त्याच्या बरगड्या पाहायच्या. वर गेल्या आणि खाली आल्या, हा एक श्वास. मोबाइलवर तीस सेकंद लावून मोजायचे आणि दुप्पट करायचे. झोपेतला आकडा मिनिटाला ३०च्या आत असावा. पुष्कळ कुत्र्यांत तो २५पेक्षाही कमी असतो. स्वप्नात पंजे हलवत, बारीक कुईकुई करत असेल तेव्हाचे मोजमाप धरू नये. मे महिन्यात नागपुरात भर दुपारी फरशीवर जीभ काढून पडलेल्या कुत्र्याचेही नाही, कारण ते धापणे अंग गार करण्यासाठी असते. रात्री अकराच्या सुमारास, पंख्याखाली, दिवा मालवल्यावर मोजावे आणि कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत, दूधवाल्याच्या खाड्याशेजारी, लिहून ठेवावे. पहिल्या दोन आठवड्यांत त्या कुत्र्याचा स्वतःचा आकडा हाती येतो. नेहमी १८वर असलेला श्वास ३०च्या पुढे गेला, अर्ध्या तासाने पुन्हा मोजूनही उतरला नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. फुप्फुसांतले पाणी खोकल्याच्या आधी या आकड्यात दिसते. खोकला बेभरवशाचा साक्षीदार आहे. म्हाताऱ्या लहान कुत्र्यांत श्वासनलिका ढासळूनही तो येतो.

आकडा ४०च्या वर, कोपरे बाहेर काढून, मान लांबवून बसणे, आडवे व्हायलाच नकार, हिरड्या निळसर, ही लक्षणे रात्री दोनला दिसली तरी सकाळची वाट पाहायची नसते. पाणी पाजू नये, छाती चोळू नये. जिना उतरताना उचलून न्यावे आणि गाडीचा एसी चालू ठेवावा. रात्री ऑक्सिजनची सोय कोणत्या दवाखान्यात आहे, हे आधी विचारून फ्रिजवर चिकटवून ठेवलेले बरे.

औषधे : ‘सी’ पायरीला फ्युरोसेमाइड (घरोघरी ‘पाण्याची गोळी’), पिमोबेंडान, एनॅलॅप्रिल किंवा बेनाझेप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन असा संच बहुधा ठरतो. पिमोबेंडानने आकुंचनाला जोर येतो आणि रक्तवाहिन्या सैलावतात. ते बारा तासांच्या अंतराने, जेवणाच्या तासभर आधी, रिकाम्या पोटी द्यायचे. २००८च्या ‘क्वेस्ट’ चाचणीत फुप्फुसांत पाणी होऊन गेलेल्या कुत्र्यांचा, हृदयविकाराने मृत्यू येण्यापर्यंतचा किंवा उपचार थिटे पडण्यापर्यंतचा, मध्यक काळ पिमोबेंडानवर २६७ दिवस व बेनाझेप्रिलवर १४० दिवस भरला. मध्यक म्हणजे निम्मी त्याआधी, निम्मी त्यानंतर. आपले कुत्रे कुठल्या निम्म्यात, हे त्या आकड्याला ठाऊक नसते.

यांतली बरीच औषधे माणसांच्याच दुकानातून आणावी लागतात. केमिस्ट ‘पेशंटचे नाव?’ विचारतो आणि ‘मोती’ ऐकून वर बघतो. फुप्फुसातील रक्तदाब वाढलेल्या कुत्र्याला सिल्डेनाफिल लिहून दिलेले असते, तेव्हा तर चिठ्ठी हातात घेऊन तो जरा जास्तच वेळ वर बघतो. चिठ्ठीवर ‘कुत्रा’ हा शब्द आणि वजन स्पष्ट लिहून घेतलेले चांगले. माणसाच्या गोळीचे चतकोर तुकडे करताना चूक होते. ब्लेडऐवजी गोळी कापायची डबी वापरावी.

पाण्याच्या गोळीने तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. दहा वर्षे घर स्वच्छ ठेवलेला कुत्रा एके रात्री दिवाणखान्याच्या दारात उभ्याउभ्या लघवी करतो आणि कान पाडून कोपऱ्यात जातो. त्याला ओरडू नये आणि पाण्याचे भांडे तर मुळीच उचलू नये. बाल्कनीत जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी आणि रात्री एक जादा फेरी, हाच इलाज. पाण्याची गोळी सुरू झाल्यावर आठ-पंधरा दिवसांनी आणि नंतर ठरावीक अंतराने क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासतात, कारण हृदयाला दिलेल्या सवलतीची किंमत मूत्रपिंडे मोजत असतात. खाणेपिणे सुटले, उलट्या झाल्या, तर पुढचा डोस देण्यापूर्वी फोन करावा.

आहार व हालचाल : मिठावर आरंभापासून कडक बंदीची गरज नाही, पापड, फरसाण, चीज, हॅम, खारी आणि सूपच्या वड्या मात्र घराबाहेर ठेवाव्यात. गोळी चीजमध्ये लपवण्याची सवय येथे उलटते. उकडलेल्या चिकनचा तुकडा किंवा पोळीचा गोळा चालतो. खरा धोका उपाशी राहण्याचा. पुढच्या पायऱ्यांवर कण्यावरचे आणि डोक्यावरचे मांस झडते, म्हणून या काळात पथ्यापेक्षा पोटात काय गेले ते महत्त्वाचे. खोकणाऱ्याला गळपट्टा नको, छातीवरून जाणारा हार्नेस हवा. फिरायला जाताना वेग त्याचा, आपण मागे. दिवाळीच्या फटाक्यांच्या चार रात्रींसाठी आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावे.

शस्त्रक्रिया : झडप दुरुस्त करता येते. हृदय थांबवून, यंत्रावर रक्ताभिसरण चालवून, तुटलेल्या दोऱ्यांच्या जागी कृत्रिम दोरे ओवण्याची पद्धत जपानमध्ये मासामी उएची यांनी कुत्र्यांत रुळवली. त्यासाठी परदेशातून लोक कुत्री घेऊन योकोहामाला जातात. खर्च आणि प्रवास पाहता आपल्याकडे बहुतेकांसाठी ही माहितीच राहते. शस्त्रक्रिया परवडत नाही म्हणजे आपण कमी पडलो, असे मात्र कोणी मनाला लावून घेऊ नये.

शुश्रूषा करणारे : केंट स्टेट विद्यापीठातील मेरी बेथ स्पिट्झनागेल यांनी २०१७ मध्ये आजारी प्राणी सांभाळणाऱ्यांवरील भार मोजला; निरोगी प्राण्यांच्या पालकांच्या तुलनेत ताण, खिन्नता आणि चिंता त्यांच्यात जास्त आढळली. आपल्याकडे त्यात ‘कुत्र्यासाठी एवढं?’ या शेजारच्या प्रश्नाची भर पडते. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या म्हणजे लग्नाला मुक्कामी जाता येत नाही, गणपतीला गावी जायचे तर कोणीतरी एक मागे राहतो. तो एक प्रत्येक वेळी तोच असेल तर वर्षभरात घरात धुसफूस सुरू होते. श्वास मोजणेही काहींच्या बाबतीत वेड बनते, तासातासाला उठून बरगड्या पाहिल्या जातात. दिवसाला एक नोंद पुरे आहे.

अखेर : अमेरिकेत हृदयविकारी कुत्र्यांच्या पालकांना आयुष्याची लांबी हवी की सुख, असे विचारले गेले, तेव्हा दहापैकी आठांहून अधिक जण सुखासाठी काही काळ सोडायला तयार होते (ओयामा व इतर, २००८). आपल्याकडे ‘त्याला त्याच्या मरणाने जाऊ द्या’ हा आग्रह अनेक घरांत असतो आणि त्यामागे श्रद्धा असते. मात्र फुप्फुसांत पाणी होऊन येणारे मरण झोपेतले नसते. ते बुडण्यासारखे असते, हे डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगायला हवे. म्हणून ‘डी’ पायरीवरच्या कुत्र्याविषयी दोन गोष्टी घरच्यांनी तो बरा असलेल्या दिवशी बसून ठरवाव्यात: किती वेळा ऑक्सिजनला न्यायचे आणि कधी न्यायचे नाही. दयामरणाचे इंजेक्शन घरी येऊन देणारे डॉक्टरही शहरांत मिळतात. बहुतेक कुत्री त्या वेळी आपल्या नेहमीच्या जागी, दाराशी घातलेल्या गोणपाटावर असतात.