पहिली नोंद कुठे आहे?

आमच्या घरी रात्रीची जेवणं उरकली की आई टीव्हीवर गुन्ह्याची मालिका लावते. ‘क्राईम पेट्रोल’चे जुने भाग तर तिला तोंडपाठ आहेत. मध्यंतरी अशाच एका मालिकेत लोन ॲपची गोष्ट होती. सुरुवातीलाच मृतदेह, मग पोलीस, मग मयताच्या मोबाईलमधले धमक्यांचे मेसेज, शेवटी कॉल सेंटरवर धाड. दारूच्या नशेत किंवा जुगारात पैसे घालवलेला पोरगा असेल असं आईला आधी वाटलं होतं. तसं काही निघालं नाही. ती म्हणाली, “एवढ्याशा पैशासाठी कोण जीव देतं का रे?”

मी काही बोललो नाही. कारण ही गोष्ट आमच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेली होती आणि आईला त्यातलं अर्धंच माहीत आहे.

जुलै २०२१. लॉकडाऊनमुळे मी पुण्याची खोली सोडून कोल्हापुरातूनच काम करत होतो. पंचगंगा चढत होती. पावसाळ्यात कोल्हापूरकर फोनवर काय बघतो हे बाहेरच्यांना सांगावं लागेल: राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आमच्या सगळ्या ग्रुपवर तेच आकडे फिरत होते. त्या मेसेजच्या गर्दीत एका अनोळखी नंबरवरून माझ्या मावसभावाचा फोटो आला. खाली लाल अक्षरांत ‘चोर’, आणि त्यानं रेफरन्स म्हणून माझा नंबर दिल्याचा दावा.

मी तो नंबर ब्लॉक केला. भावाला फोन मात्र केला नाही. काय बोलायचं ते सुचेना. ‘त्याला कानकोंडं वाटेल’ असं स्वतःला सांगत तीन दिवस घालवले. नंतर कळलं, फोटो त्याच्या फोनमधल्या बहुतेक सगळ्यांना गेला होता आणि बहुतेक सगळ्यांनी माझ्यासारखंच केलं होतं.

पेशानं मी सॉफ्टवेअरवाला. इतिहासाशी संबंध दहावीनंतर सुटलेला. पण त्या तीन दिवसांनी मला एका जुन्या प्रकरणाकडे नेलं: १८७५ चे दख्खनचे दंगे.

शाळेत ते दोन ओळींत संपतात. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि हे लोण पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. पण त्यांनी काय मागितलं ते महत्त्वाचं आहे. जमावाला हवी होती कागदपत्रं. कर्जरोखे आणि खतावण्या बाहेर काढून जाळल्या गेल्या. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार त्या मानानं कमी झाले.

कागदावर एवढा राग का? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारानं सढळ हातानं कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव कोसळला, त्यातच सरकारनं शेतसारा वाढवला. सावकाराचा हात आखडला आणि वसुली सुरू झाली.

त्यात कायद्यानं वेगळीच गंमत केली होती. कर्जरोखा तीनच वर्षं ग्राह्य धरायचा, असा नियम १८५९ मध्ये आला. हेतू चांगला, व्याज साठत जाऊ नये. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा करून घेऊ लागला आणि थकलेलं व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून चढू लागलं. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही, हा दामदुपटीचा जुना दंडक तिथेच मोडला. दंग्यांच्या चौकशी आयोगासमोर आलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २००० हून अधिक व्याज लावलेलं होतं. कोर्टासमोर मात्र फक्त शेवटचा रोखा जायचा. त्यावर अंगठा असायचा. कोर्ट हुकूमनामा द्यायचं.

म्हणजे कोर्ट आईच्या मालिकेसारखं वागत होतं. गोष्ट शेवटच्या दृश्यापासून पाहायची.

आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे. आमचं कोल्हापूर तेव्हा संस्थान, त्यामुळे त्याबाहेर. त्या कायद्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की, न्यायाधीशानं रोख्यावर थांबायचं नाही. रोख्याच्या मागे जायचं, व्यवहाराची पहिली नोंद शोधायची, मुद्दल किती आणि व्याज किती ते वेगळं काढायचं, मग देणं ठरवायचं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणंही बंद झालं. कायद्यानं सावकारी संपली नाही, पळवाटा निघाल्याच. पण देणेकऱ्याला ‘तू का बुडालास?’ याआधी ‘हिशेब कुठून सुरू झाला?’ हे विचारायला हवं, एवढं तरी मान्य झालं.

चौथ्या दिवशी मी भावाकडे गेलो. तो डिलिव्हरीचं काम करायचा. डोळ्याला डोळा देईना. मी लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, “भावा, पहिल्यापासून सांग. एकेक.”

एक्सेलमध्ये तेरा ओळी झाल्या. चार महिन्यांत तेरा कर्जं, वेगवेगळ्या नावांच्या ॲपवरून. ५००० मंजूर, ‘प्रोसेसिंग’ कापून हातात ३५००, सात दिवसांत ५००० परत. जमलं नाही की दुसरं ॲप, पहिलं फेडायला. तीन वर्षांचा रोखा सात दिवसांवर आला होता, बाकी यंत्रणा तीच. बेरीज केली: हातात आले ६१,४००. भरले ९४,०००. तरी ३८,००० ‘बाकी’.

“पतसंस्थेत का नाही गेलास?” मी विचारलं.

“दोन जामीनदार लागत्यात. म्हणजे काकांना सांगावं लागलं असतं.” काका म्हणजे माझे वडील.

कोल्हापुरात हे ऐकणं जड जातं. शाहू महाराजांच्या काळात इथे सहकार रुजला. कोल्हापूर अर्बन बँक १९१३ ची आहे. पतसंस्थाही माणसांच्या ओळखीवरच कर्ज देते आणि त्यातल्या काही बुडाल्या हेही आपण पाहिलं आहे. पण जामीनदार समोर बसून सही करतो. ॲपनं कुणालाच विचारलं नाही, आणि नंतर सगळ्यांना सांगितलं. त्याच्या कॉन्टॅक्ट लिस्टमधले आम्ही सगळे न विचारता गहाण पडलो होतो.

अशी परवानगी मागणारा कोड मीही लिहिलेला आहे, वेगळ्या कामासाठी. ‘अलाऊ’ हे बटण ठळक ठेवायचं, ‘नको’ बारीक, हे मला शिकवलं गेलं होतं आणि मी ते बिनतक्रार केलं.

दंग्यांच्या आधी, १८७४ च्या डिसेंबरात, शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला होता. असे बहिष्कार इतरत्रही झाले. न्हाव्यानं हजामत करायची नाही, पाणक्यानं पाणी भरायचं नाही. त्या बहिष्काराला किंवा जाळपोळीला मी न्याय म्हणणार नाही. पण तिथे कर्ज सगळ्यांचं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. लाज सावकाराच्या वाट्याला गेली. आमच्याकडे लाज भावाच्या एकट्याच्या वाट्याला आली, कारण आम्ही प्रत्येकानं आपापला फोन उलटा करून ठेवला.

रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या सुरुवातीला सुमारे ६०० बेकायदा लोन ॲप सापडली होती. सप्टेंबर २०२२ च्या नियमांनी कॉन्टॅक्ट लिस्ट आणि फोटोंना हात लावायला मनाई केली, वार्षिक व्याजदर आधी सांगणं सक्तीचं केलं. फसवणूक झाली तर १९३० हा नंबर आहे. पण बेकायदा ॲप नियम वाचून चालत नाही.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली, ॲप उडवली, पुढे एक पैसा भरला नाही. नातेवाईकांना मी स्वतः फोन केले. वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “माझ्याकडं यायचं की.”

ती फाईल अजून आहे. एक रकाना मी ‘कारण’ असा ठेवला होता. दुसऱ्या ओळीपासून खाली सगळीकडे ‘आधीचं फेडायला’. पहिल्या ओळीत लिहिलं आहे: मोबाईलचा डिस्प्ले फुटला, कामावर जाता येईना.