तापाने उठवलेलं मिशन

मलावीत नर्स आहे, म्हणून सुट्टीत केप मॅक्लिअरला पोहोचल्यावर मलावी सरोवराआधी मी मिशनऱ्यांच्या कबरींकडे वळले. १८७५ साली डॉ. रॉबर्ट लॉज आणि त्यांच्या स्कॉटिश सोबत्यांनी इथे लिव्हिंग्स्टोनिया मिशन थाटलं. तापाने एकेक माणूस नेला. क्विनाइन होतं, पण मलेरिया आणि डासांचं नातं डॉ. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत शोधलं ते १८९७ मध्ये! १८८१ साली मिशन बंडावेला हललं. लॉज मात्र १९२७ पर्यंत या देशात राबले. असा चिवटपणा मला फार मोठा वाटतो.

किनाऱ्याने उत्तरेला न्खोटाकोटा. इथून गुलाम होड्यांत कोंबून सरोवरापलीकडे नेत. जवळच्या अभयारण्यातले हत्ती शिकाऱ्यांनी जवळजवळ संपवले होते. २०१६-१७ मध्ये इतर ठिकाणचे सुमारे ५०० हत्ती बेशुद्ध करून, पायांना पट्टे बांधून क्रेनने उचलले आणि ट्रकने इथे आणले.