आकडी ते फायबरचा दांडा
सोसायटीत कडुनिंब लावले तेव्हा छाटणीला आकडी पुरायची: बांबूच्या टोकाला बांधलेला कोयता. चंद्रपूर-गडचिरोलीत बांबूला काय तोटा! तरी १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे 'झाड'च होतं. २०११ साली मेंढा-लेखाच्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक आलं. २०१७ साली कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला.

इकडे आपले कडुनिंब तारांना भिडले. एका पावसाळ्यात ओल्या आकडीतून माळ्याला झटका बसला, थोडक्यात वाचला. 'बांबू स्वस्त पडतो' असं कमिटीत म्हणणारा मीच होतो. मग फायबरग्लासच्या दांड्याची करवत घेतली. तरीही नवीन कमिटीला सांगणं एकच: तारेजवळ फांदी असेल, तर आधी वीज बंद करवून घ्या.